धोंड्यावरचं करडू

दुपारचे बारा वाजले की चिलीच्या सीमेलगतच्या मालार्ग्वे गावाच्या वरच्या डोंगरात जिथे जिथे माणूस आहे तिथे तिथे रेडिओ लागतो. उन्हाळ्यात शेळ्यांचे कळप घेऊन वर गेलेल्यांना खालच्या गावाची खबर कळते ती एवढ्या अर्ध्या तासात. वर फोन चालत नाहीत, रस्ता नदीपाशी संपतो, पुढे घोडं नाहीतर खेचर. त्यामुळे घरोघरचे निरोप असे सगळ्यांच्या देखत जातात. काळ्या ओढ्यावरच्या रिकार्दो फोर्केरांना सुनेला मुलगी झाल्याचं कळतं, ते सगळ्या डोंगराबरोबरच. दगडी खिंडीतल्या मोया बंधूंनी उसनं नेलेलं खोगीर परत करायचं राहिलंय, हेही सगळ्या डोंगराला ठाऊक असतं.

हे निरोप वाचणारा आवाज गेली तीस वर्षं बहुतेक निल्दा गुआहार्दोचा आहे. निल्दा त्याच डोंगरात जन्मली. बाप शेळ्यांच्या मागे, म्हणून ती खालच्या गावातल्या वसतिशाळेत वाढली आणि शाळकरी वयातच तिचा स्वच्छ, ठाम आवाज ऐकून रेडिओवाल्यांनी तिला माइकसमोर बसवलं. पुढे ती मेन्दोसा शहरात जाऊन इलेक्ट्रॉनिक्स शिकली. गावापासून लांब, वैराण माळावर, अवकाशातल्या यानांशी बोलणारी भली थोरली थाळी उभी राहिली तेव्हा तिथे तिला नोकरी लागली. थाळीचं तोंड बरोबर दिशेला ठेवायचं, यानाचा क्षीण आवाज पकडायचा, तो युरोपातल्या मुख्य केंद्राकडे पाठवायचा आणि तिकडून आलेले हुकूम वर सोडायचे, हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशी मात्र ती अजूनही निरोप वाचायला जायची. दोन्ही कामं एकच आहेत, असं ती म्हणायची. लांबच्याला ऐकू जाईल असं बोलायचं आणि लांबच्याचं ऐकू येईल इतकं गप्प बसायचं.

गावात तिची थट्टा वेगळ्याच कारणानं व्हायची. निल्दा काळजीखोर म्हणून प्रसिद्ध होती. बेकरीवाली रेमेदिओस गिऱ्हाइकांना सांगे, की या बाईला सूर्यापलीकडच्या डब्याचा पत्ता पाठ असतो, आणि हिची पोरगी पाव घ्यायला आली की मला तीनदा फोन येतो, पोहोचली का, निघाली का, कोणत्या रस्त्यानं निघाली. निल्दा त्यावर हसायची आणि पुढच्या वेळी दोनदाच फोन करायची.

त्या वर्षी थाळीला एक मजेचं काम आलं. एका लघुग्रहाशेजारी, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या एका ओबडधोबड दगडाशेजारी, एक यान जाऊन थांबलं. त्या यानानं दगडावर पावाच्या लादीएवढं एक यंत्र सोडलं. त्याला चाकं नव्हती. तिथे वजन असं नसतंच म्हटलं तरी चालेल, चाकं जागच्या जागी गरगरली असती, म्हणून ते टुणटुण उड्या मारत हिंडायचं. गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं. दगड तो धोंडा, आणि उड्या मारणारं ते करडू.

हे करडू धोंड्यावर कुठे आहे ते ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न होता. धोंड्याचं निम्मं अंग काळोख्या सावलीत, कॅमेऱ्याला काही दिसेना. इथून थाळीनं बघावं तर हाक जाऊन उत्तर यायला अर्धा तास, आणि इतक्या लांबून एवढीशी वस्तू धोंड्याच्या या बाजूला की त्या बाजूला हेही नीट सांगता येत नाही. म्हणून यानानं करडाच्या आधी संत्र्याएवढे तीन गोळे धोंड्यावर टाकले होते. निल्दा त्यांना खुंट म्हणायची, बोलके खुंट. करडू रेडिओवर एका खुंटाला हाक मारी, खुंट ओ देई. हाक जाऊन ओ यायला किती वेळ लागला त्यावरून त्या खुंटापासूनचं अंतर कळे. तिन्ही खुंटांची तीन अंतरं जुळवली की करडाचा ठिकाणा निघे, तोही हातभराच्या फरकानं. मग करडू तो ठिकाणा यानाला सांगे, यान पृथ्वीला, आणि थाळीपाशी बसलेली निल्दा तो दुपारी बारा वाजता सगळ्या डोंगराला.

निरोपांच्या शेवटी ती म्हणायची, "आणि सर्वांसाठी, करडू बरं आहे. काल ते मोठ्या खडकाच्या पायथ्याशी होतं, आज उतारानं थोडं वर सरकलंय. चरायला काही नाही, तरी तक्रार नाही."

डोंगरातल्या लोकांनी हे फार मनावर घेतलं. खाली येणाऱ्या प्रत्येक स्वाराबरोबर करडासाठी सल्ले यायचे. कुणी सांगितलं खडकावर मीठ ठेवा, आपोआप येईल. कुणी म्हणालं, एकट्या पिल्लाला असं सोडतात का, सोबतीला एक म्हातारी शेळी तरी धाडायची.

निल्दाच्या मुलीनंही त्याच उन्हाळ्यात उडी मारली होती.

माइते बावीस वर्षांची, मेन्दोसाला हिशेबनिशीचं शिकत होती. आजोबा गेले, म्हणजे निल्दाचे वडील एलिसेओ, तेव्हा त्यांच्या शेळ्या विकायचं ठरत होतं. माइते घरी आली, आजोबांच्या घोड्यावर बसून एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, विकायच्या नाहीत, मी नेते वर. निल्दाला वाटलं पोरगी दुःखात बोलतेय, आठवड्यात निवळेल. आठवड्यानं पोरीनं खेचरांना नाल ठोकून घेतले.

मग घरात जे व्हायचं ते झालं. निल्दानं प्यूमाच्या गोष्टी सांगितल्या, नदीच्या सांगितल्या, भर उन्हाळ्यात बर्फ पडून गारठलेल्या माणसांच्या सांगितल्या. माइतेनं त्या सगळ्या आजोबांकडून आधीच ऐकलेल्या होत्या, आणि जास्त रंगवून. निल्दाचा नवरा तेलाच्या विहिरींवर कामाला होता, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. तो फोनवर एवढंच म्हणाला, की तुम्ही दोघी काय ते ठरवा, मी मधे पडलो तर दोन्हीकडून लाथा खाईन.

शेवटी येर्बा नावाच्या कडू चहाचा तुंबा या हातातून त्या हातात फिरवत मायलेकींनी करार केला. निल्दानं शेळीच्या कानाएवढं एक यंत्र आणलं होतं. ते दर दोन-तीन तासांनी वरच्या उपग्रहाला आपला ठिकाणा कळवतं आणि तो नकाशावर ठिपका होऊन दिसतो. माइतेनं ते अंगावर बाळगायचं. ठिपका आजोबांच्या कुरणात असेतोवर निल्दा एक अक्षर बोलणार नाही. ठिपका कुरणाबाहेर गेला, तर माइतेनं खाली यायचं, शेळ्या विकायच्या आणि मार्चमध्ये कॉलेजात पुन्हा नाव घालायचं.

"आणि उन्हाळाभर ठिपका जागेवर राहिला तर?" माइतेनं विचारलं होतं.

"तर शेळ्या तुझ्या."

"आणि तुझ्या तोंडाची टकळी बंद."

"ते करारात नाही," निल्दा म्हणाली.

डिसेंबर, म्हणजे तिथला उन्हाळ्याचा पहिला महिना, सरला. ठिपका कुरणात होता. सकाळी ओढ्यापाशी, दुपारी पाणथळीत, संध्याकाळी झोपडीजवळ. निल्दा उठल्यावर चूळ भरायच्या आधी ठिपका बघायची. तिच्याबरोबर काम करणाऱ्या लेआंद्रोला हे पाठ झालं होतं. लेआंद्रो तरुण इंजिनिअर, कोर्दोबाचा. तिकडच्या लोकांसारखा तो प्रत्येक वाक्य गाण्यासारखं लांबवायचा आणि करडाच्या मोहिमेपुरता थाळीवर राहायला आला होता. तो तिला मानानं दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचा. निल्दानं नकाशा उघडला की तो विचारी, "काय दोन्या निल्दा, दोन्ही करडं जागेवर?" आणि ती म्हणे, "दोन्ही जागेवर." मग कामाला सुरुवात.

जानेवारीतल्या एका सकाळी दोन्ही जागेवर नव्हती.

करडाचं आधी कळलं. रात्रीतून त्यानं एक ठरलेली उडी मारली होती, सावलीतल्या उतारावर. तिथली बारीक खडी उचलायची, डबीत भरायची, आणि दोन दिवसांनी यान खाली झुकून ती डबी घेऊन जाणार, असा बेत. त्यासाठी करडाचा ठिकाणा चोख हवा होता. सकाळी ठिकाणा आला, तर करडू धोंड्याच्या पोटात. जमिनीखाली चांगलं पुरुषभर खोल.

लेआंद्रोनं आकडे पुन्हा जुळवले. युरोपातल्यांनीही जुळवले. उत्तर तेच. तिकडच्यांचं मत पडलं, की सावलीत एखादी भेग असणार आणि करडू तिच्यात घसरलं असणार. भेगेतून बाहेर काढायचं तर नेहमीची उडी पुरणार नाही, जोराची हवी. तसा हुकूम तयार करून दुपारी पाठवायचा ठरला.

खरी भीती होती ती एका गोष्टीची. धोंड्याची ओढ इतकी कमी, की उघड्या जमिनीवरून करडानं तेवढ्या जोरात उडी मारली तर ते परत खाली येणारच नाही. तसंच वर जाईल, जातच राहील. भेग असेल तर उडी त्याला वाचवेल, नसेल तर घालवेल.

निल्दा हे ऐकत होती आणि एका हातानं नकाशा उघडत होती. माइतेचा ठिपका कुरणात नव्हता. ओढ्यावर नव्हता, पाणथळीत नव्हता. तो रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडे होता.

तिनं नकाशा मोठा करून पुन्हा बघितला. नदीला त्या दिवसांत बर्फाचं पाणी असतं, एकटीनं ती ओलांडायचं काही कारण नव्हतं. थोड्या वेळानं पुढचा ठिपका आला. तो आणखी वर, चिलीच्या खिंडीच्या वाटेवर. मधलं अंतर बघितलं तर पोरगी दौडत गेली असली पाहिजे. शेळ्या टाकून? कुणाच्या मागे? की कुणी तिच्या मागे?

सीमेवरच्या चौकीतल्या जवानांशी रेडिओवर बोलता येतं, पण ठरलेल्या वेळीच, आणि त्या दिवशीची ती वेळ टळून गेली होती. गावातल्या ठाण्यावर तिनं फोन केला. तिथल्या माणसानं आपुलकीनं ऐकून घेतलं आणि परवा गस्त वर जाणार आहे, तेव्हा बघायला सांगतो, म्हणाला. परवा.

बारा वाजता तिनं नेहमीप्रमाणे थाळीवरून रेडिओ स्टेशनला फोन लावला. ती कामावर असली की करडाची खबर अशी फोनवरून जायची. स्टेशनवरचा म्हातारा एर्मेस, जो तीस वर्षं आवाजाची बटणं फिरवत आला होता, तिचा सूर ऐकूनच म्हणाला, काय झालं गं. ती म्हणाली, लाव आधी हवेवर. हवेवर गेल्यावर तिनं सांगितलं, की करडू आज सावलीत आहे, नीट दिसत नाही, उद्या सांगते. मग किंचित थांबून म्हणाली, "एलिसेओच्या कुरणावरच्या माइतेला निरोप. तुझी आई विचारतेय, तू कुठे आहेस."

फोन ठेवल्यावर तिला आठवलं, की असे निरोप एकाच दिशेनं जातात.

पुढचा ठिपका आला तो हलला नव्हता. तिथेच, खिंडीखालच्या खोऱ्यात. पळणाऱ्या ठिपक्यापेक्षा थांबलेला ठिपका निल्दाला जास्त भयंकर वाटला. तिनं गाडीची किल्ली पर्समधून काढली, परत ठेवली. गाडी नदीपर्यंत जाते, पुढे दीड दिवस घोड्यावर. आणि इथे थाळी सोडून जाता येत नव्हतं. करडाचा हुकूम तिच्या हातून जायचा होता.

लेआंद्रोनं तिच्यापुढे कपात येर्बा आणून ठेवला. काय झालंय ते त्याला कळलं होतं. तो करडाबद्दलच बोलू लागला. आकडे काय सांगतात, भेग किती खोल असेल. निल्दा ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. तिच्या डोळ्यांपुढे माइते नव्हती, तिचा बाप होता.

एलिसेओंचं सगळं जगणं एका घोडीभोवती होतं. खेचरांच्या तांड्यात एक घोडी असते, गळ्यात घंटा बांधलेली. तिला मद्रिना म्हणतात. खेचरं तिला सोडून कुठे जात नाहीत. रात्री खेचरं मोकळी चरतात, मद्रिनेला तेवढी पायबंद घालून ठेवायची. ती जागेवर म्हणजे सगळं जागेवर. निल्दा लहान असताना एकदा सकाळी सगळी खेचरं नाहीशी झाली. तिचे काका खेचरं हुडकायला चहूकडे धावले. बाप मात्र घोडी बांधली होती तिथे गेला आणि खाली वाकून दोरी बघत बसला. दोरी तुटली होती. खेचरं हरवलेलीच नव्हती. ती घोडीजवळ होती, नेहमीसारखी. हललेली घोडी होती. आधी मद्रिनेचे पाय बघावेत, मग खेचरं मोजावीत, असं बाप नंतर वर्षानुवर्षं सांगायचा, आणि काकांना चिडवायचा.

"लेआंद्रो," निल्दा म्हणाली, "खुंटांचे पाय कुणी बघितलेत?"

"कसले पाय?"

"ते तीन खुंट. ते जागेवर आहेत कशावरून?"

"दोन्या, ते पहिल्या दिवशी मोजून ठेवलेत. हिशेबात ते पक्के धरलेत. त्यांच्यावरून तर बाकीचं सगळं ठरतं."

"आमच्याकडे घोडीवरून ठरायचं. आम्हीपण तिला पक्कीच धरलेली होती."

लेआंद्रो पडद्यावरच्या आकड्यांकडे वळला. खुंट एकमेकांनाही हाका मारू शकतात. पण तसं करायला लावलं की त्यांची बॅटरी उतरते, म्हणून पहिल्या दिवसानंतर कुणी ते केलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "करडानं रात्री उडी मारली ती तिसऱ्या खुंटाच्या अगदी जवळून."

"आणि मागे खडी उडवली असेल."

"तिथे खडीचा दाणा लागला तरी..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. तो फोनकडे धावला.

युरोपात आधी कुरकूर झाली. बॅटरीचं काय, वेळेचं काय. पण उडीचा हुकूम अर्धा-पाऊण तास उशिरा गेल्यानं भेगेतल्या करडाचं काही बिघडणार नव्हतं, आणि भेग नसलीच तर त्या उशिरानं ते वाचणार होतं. एवढं ऐकल्यावर तिकडच्या बाईंनी, ज्यांच्या शब्दावर मोहीम चालायची, हो म्हटलं. निल्दानं खुंटांसाठी प्रश्न सोडला, तुम्ही एकमेकांपासून किती लांब आहात. मग अर्धा तास सगळे थाळीकडे बघत बसले. थाळी आभाळाकडे बघत होती.

उत्तर आलं. पहिला आणि दुसरा खुंट होते तिथे होते. तिसरा घसरला होता, उतारानं खाली, चांगला लांब. करडानं उडी मारताना त्याच्यावर खडी उडाली, आणि त्या बिनवजनाच्या जागी तो रात्रभर रांगत गेला असणार. लेआंद्रोनं तिसऱ्या खुंटाची नवी जागा हिशेबात घातली. करडू धोंड्याच्या पोटातून वर आलं आणि अलगद जमिनीवर बसलं. जिथे पाठवलं होतं बरोबर तिथे. ते कुठेही गेलेलं नव्हतं.

खोलीत आणि फोनवर एकदम गलका झाला. लेआंद्रोनं निल्दाला धरून कोर्दोबाच्या नाचाची एक गिरकी घेतली, खुर्चीला धडकेपर्यंत.

आणि त्या गिरकीतच निल्दाला ते कळलं. ती थांबली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. लेआंद्रो घाबरला.

"माइतेनं ते घोडीच्या गळ्यात बांधलंय," ती म्हणाली.

"काय?"

"अरे, ते यंत्र. मी म्हटलं अंगावर बाळग. ती तिच्या आजोबांची नात. तिनं म्हटलं असणार, मी काय, इकडेतिकडे हिंडते. ज्याच्यावरून सगळ्यांचा पत्ता लागतो त्याच्या गळ्यात बांधावं. आमच्या घरातल्या कुणीही हेच केलं असतं. मीसुद्धा."

"आणि घोडी?"

"घोडीनं दोरी तोडलीय. खिंडीखालच्या त्या खोऱ्यातच सीमेची चौकी आहे, तिथे जवानांचे घोडे असतात. त्यांच्या खुराकाचे ओट्सही असतात."

हे ती बोलली खरी, पण संध्याकाळ झाली तसा धीर पातळ होत गेला. करडाच्या बाबतीत तिला उत्तर आलं होतं, इथे नुसता तर्क. ठिपका होता तिथेच होता. रात्री नवऱ्याचा फोन आला, त्याला तिनं सगळं सांगितलं, तोही घोडीच असणार म्हणाला, आणि तासाभरानं त्यानं पुन्हा फोन करून विचारलं, ठिपका हलला का.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. बाराला पाच मिनिटं असताना ती रेडिओ स्टेशनवर माइकसमोर बसली. एर्मेसनं तिच्यापुढे निरोपांचे कागद ठेवले. ती वाचू लागली. फोर्केरांच्या नातीचं नाव ठेवलं. मोया बंधूंनी खोगीर अजून दिलेलं नाही. तिसरा निरोप चालू असताना काचेपलीकडे एर्मेसनं हात हलवला. त्याच्या कानाला चौकीच्या रेडिओचं यंत्र होतं. तो ओठांनी काहीतरी सांगत होता, तिला कळेना. शेवटी वैतागून त्यानं बटण दाबलं आणि चौकी सरळ हवेवर आली.

"मालार्ग्वे, मालार्ग्वे," एक जाडा आवाज खरखरला. "इथे एक मुलगी आहे. कालपासून आमचा चहा पितेय आणि तिच्या घोडीनं आमचे ओट्स संपवलेत. तिला आईशी बोलायचंय. कृपा करून बोलून घ्या आणि दोघींना घेऊन जा."

मग थोडी खरखर. मग, "आई, मी आहे."

सगळा डोंगर ऐकत होता. निल्दाला काय काय म्हणायचं होतं. म्हणाली ती एवढंच, आणि तेही निरोप वाचायच्या आवाजात, "घोडी सापडली?"

"तुला कुणी सांगितलं?"

"करडानं."

"काय?"

"ते नंतर. नदी कशी ओलांडलीस?"

"वरच्या पुलावरून, लांबचा वळसा घेऊन. मला काय वेड लागलंय? शेळ्या फोर्केरांच्या मुलाकडे ठेवल्यात. काल दुपारी वाटेत तुझा निरोप ऐकला. तू असं सगळ्यांसमोर विचारलंस ना, तू कुठे आहेस म्हणून, मला भेटलेला प्रत्येक माणूस तेच विचारतोय. चौकीतला स्वयंपाकीपण."

"ठिपका कुरणाबाहेर आहे," निल्दा म्हणाली.

आता माइतेचा आवाज उतरला. "माहितीये."

"करारात काय होतं?"

"ठिपका बाहेर गेला तर खाली यायचं. शेळ्या विकायच्या. कॉलेजात नाव घालायचं." ती थांबली. "पण आई, मी हललेच नव्हते. रात्री मी झोपडीतच होते. ती हलली. आजोबा म्हणायचे की मद्रिना..."

"ठिपका कुणाच्या गळ्यात होता?"

"घोडीच्या."

"मग बरोबर आहे," निल्दा म्हणाली. "करार म्हणजे करार. घोडीला खाली पाठव. मार्चमध्ये तिचं नाव घालते कॉलेजात."

चौकीतून आधी त्या जाड्या आवाजाचं हसू आलं, मग माइतेचं. काचेपलीकडे एर्मेस बटणांवर डोकं टेकून हसत होता. पुढे कित्येक दिवस वरून उतरणारे स्वार सांगत राहिले, की त्या दुपारी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात हसू ऐकू जात होतं. यात त्यांची भर किती ते सोडून द्या.

"आणि शेळ्या?" माइतेनं विचारलं.

"शेळ्या तुझ्या. पण घोडीला पायबंद घाल. दोरी नवी घे, आजोबांची जुनी नको. आणि पायमोजे कोरडे आहेत का?"

"आई, सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. आहेत का?"

"आहेत."

करडानं डबी भरली. दोन दिवसांनी यान खाली झुकलं आणि डबी घेऊन गेलं. त्या दिवशी थाळीवर लेआंद्रोच्या हातचं बोकड आगीवर लागलं, निम्मं करपलं, आणि सगळ्यांनी ते वाखाणून खाल्लं. त्यानंतर दर आठवड्याला खुंटांना एकमेकांना हाक मारायला लावायचा नियम झाला. युरोपातल्यांनी त्याला लांबलचक नाव दिलं. थाळीवर त्याला पाय बघणं म्हणतात.

निल्दाची काळजी काही सुटली नाही, तशी ती कुणाची सुटते? माइतेनं यंत्र आता कमरेला बांधलं होतं आणि घोडीला नवी दोरी. निल्दा सकाळी ठिपका बघायची ती चूळ भरल्यानंतर. रेमेदिओसनं ही प्रगती बेकरीत जाहीर केली.

आणि निरोपांच्या शेवटचं वाक्य उन्हाळा संपेपर्यंत थोडं लांबलं. डोंगरातल्या लोकांनीच तसा आग्रह धरला होता. ते ऐकल्याशिवाय कुणी रेडिओ बंद करायचं नाही.

"आणि सर्वांसाठी, करडू बरं आहे. तिन्ही खुंटांचे पाय बघितले. घोडी बांधलेली आहे."